‘अज्ञातवास’ हा शब्द मागे घ्यावा

माननीय संपादक महोदय,

सादर नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जपानी गायिका उतादा हिकारू यांच्याविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. मराठी वृत्तपत्राने जपानी पॉप संगीतासाठी पाऊण पान द्यावे, ही पुण्यात पंचवीस वर्षे जपानी भाषा शिकवणाऱ्या माझ्यासारखीला आनंदाचीच गोष्ट आहे आणि लेखकाने हा विषय आस्थेने निवडला आहे याबद्दल मला शंका नाही. तरीही ‘सहा वर्षांच्या अज्ञातवासानंतर पुनरागमन’ हे शीर्षक, लेखात घटनांचा उलटा लागलेला क्रम आणि एका मृत्यूचा तपशील देणारी चौकट, या तीन गोष्टींबद्दल लिहिल्यावाचून मला राहवले नाही. पत्र थोडे लांबणार आहे. चुकलेला शब्द एकच असला, तरी तो ज्या आयुष्याला लावला गेला ते समजून घेतल्याशिवाय तो का चुकला हे सांगता येत नाही.

आधी क्रमाबद्दल. आईच्या मृत्यूचा धक्का सहन न झाल्यामुळे उतादा यांनी गाणे सोडले, असे लेख वाचून कोणाचेही मत होईल. वस्तुस्थिती तशी नाही. ९ ऑगस्ट २०१० रोजी उतादा यांनी स्वतःच्याच निवेदनातून सांगितले की, हे वर्ष संपल्यावर आपण काही काळ काम थांबवणार आहोत. त्यानंतर चार महिने त्यांनी हाती असलेले काम पुरे केले, ८ आणि ९ डिसेंबरला योकोहामा अरेना येथे दोन कार्यक्रम केले आणि मग त्या थांबल्या. त्यांच्या आई, गायिका फुजी केइको, २२ ऑगस्ट २०१३ रोजी गेल्या, म्हणजे थांबण्याच्या निर्णयानंतर तीन वर्षांनी. मधल्या काळात, नोव्हेंबर २०१२ मध्ये, एका ॲनिमेशन चित्रपटासाठी उतादा यांनी केलेले गाणेही प्रकाशित झाले होते. दुःखामुळे माणूस कोसळतो आणि मग सावरून उभा राहतो, ही गोष्ट सांगायला सोपी आणि ऐकायला बरी असते, हे मी जाणते. पण येथे ती लागू करण्यासाठी लेखकाला तीन वर्षे पुढची घटना मागे आणावी लागली आहे, आणि तसे करताना उतादा यांनी स्वतः विचार करून घेतलेला निर्णय त्यांच्या हातून काढून घेतला गेला आहे. मला सर्वांत जास्त खटकले ते हे.

तो निर्णय किती विचारपूर्वक होता, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. उतादा यांचा जन्म १९ जानेवारी १९८३ चा, न्यूयॉर्कमधला. वडील संगीत निर्माते, आई एकेकाळची अत्यंत लोकप्रिय गायिका, आणि बालपण न्यूयॉर्क व टोकियो या दोन शहरांत आणि रेकॉर्डिंग स्टुडिओंत गेलेले. ९ डिसेंबर १९९८ रोजी पहिले सिंगल आले तेव्हा वय पंधरा होते. पुढच्या मार्चमध्ये आलेल्या पहिल्या अल्बमच्या एकट्या जपानमध्ये सत्तर लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि जपानमधील सर्वाधिक खपाचा तो विक्रम आजवर मोडलेला नाही. नुकतीच सोळा वर्षे पूर्ण केलेल्या, शाळेत जाणाऱ्या मुलीच्या आयुष्यात ही गोष्ट घडली. त्यानंतरची दहा-अकरा वर्षे अल्बम, दौरे, अमेरिकेतील इंग्रजी अल्बम, एकोणिसाव्या वर्षी झालेले लग्न आणि त्याच वर्षी बीजाशयाच्या गाठीची शस्त्रक्रिया, पुढे २००७ मध्ये घटस्फोट, अशी गेली. आपल्या लेखात या मजकुराने अर्धा स्तंभ व्यापला आहे. मला त्यावर अधिक काही म्हणायचे नाही.

मला म्हणायचे आहे ते २०१० च्या निवेदनाबद्दल. त्यात उतादा यांनी लिहिले होते, त्याचा आशय असा: पंधराव्या वर्षापासून कलाकार म्हणून जगणे हेच केंद्र झाल्यामुळे आपल्यातल्या एका भागाची वाढ तेव्हाच थांबली, आणि माणूस म्हणून तो भाग फार महत्त्वाचा आहे. व्यवस्थापकावाचून काहीच करता येत नाही अशी बाई आपल्याला व्हायचे नाही, असेही त्यात होते. म्हणून आता काही काळ कलाकाराचे काम थांबवून ‘निंगेन कात्सुदो’ करायचे, असे त्यांनी जाहीर केले. ‘निंगेन’ म्हणजे माणूस. ‘कात्सुदो’ हा शब्द जपानी शिकणाऱ्या पुणेकर मुलांच्या चांगल्या ओळखीचा आहे, कारण जपानी कंपन्यांत नोकरी शोधण्याची जी ठरावीक, दमवणारी प्रक्रिया असते तिला ‘शूशोकु कात्सुदो’ म्हणतात आणि मुले तिला ‘शूकात्सु’ म्हणून रोज घोकत असतात. म्हणजे हा हालचालीचा, उद्योगाचा, ठरवून करायच्या कामाचा शब्द आहे. विश्रांती, माघार किंवा पलायन यांपैकी कशाचीही छटा त्याला नाही. आजवर कोणी माणूस असण्याला हा शब्द जोडला नव्हता म्हणून तो जपानी कानाला चमकल्यासारखा वाटला आणि लोकांच्या तोंडी बसला.

याचे मराठी काय करावे, यावर माझ्या वर्गात एकदा पाऊण तास चर्चा झाली होती. दरवर्षी एकदा मी मुलांना सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात नेते. ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते रचलेले आहे, आणि पाण्याकाठी बसून वाचलेला पाठ मुलांच्या अधिक लक्षात राहतो असा माझा अनुभव आहे. तिथे कोणी ‘माणूसपणाचे काम’ म्हणाले, कोणी ‘जगण्याचा सराव’ म्हणाले. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका विद्यार्थ्याने बराच वेळ गप्प राहून ‘प्रपंच’ असा शब्द सुचवला. आधी सगळे हसले, मग हळूहळू सगळ्यांना तो पटत गेला. संतांच्या मराठीत प्रपंच आणि परमार्थ अशी जोडी आहे, आणि प्रपंच सोडून परमार्थाला लागणाऱ्यांची आपल्याला सवय आहे. ज्याला वयाच्या पंधराव्या वर्षापासून केवळ गाणे हाच परमार्थ करावा लागला, त्याने काही वर्षे प्रपंचाकडे यावे, घरभाडे, बँकेची रांग, वीजबिल, शेजारपाजार या गोष्टी स्वतःच्या हाताने कराव्यात, अशी ही उलटी वाट होती. भाषांतर म्हणून हा शब्द नेमका नाही, हे मला मान्य आहे. पण आपल्या शीर्षकातील शब्दापेक्षा तो सत्याच्या पुष्कळ जवळ आहे.

अज्ञातवास म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. द्यूतात हरल्याची ती शिक्षा होती. विराटाच्या घरी पांडव वेश बदलून, नावे बदलून, ओळखले जाण्याच्या भीतीखाली एक वर्ष राहिले. ओळखले गेले असते तर पुन्हा बारा वर्षांचा वनवास होता. हरणे, शिक्षा, लपणे आणि भीती या चारही गोष्टी त्या शब्दाच्या पोटात आहेत. उतादा कोणाकडून हरल्या नव्हत्या, त्यांना कोणी शिक्षा दिली नव्हती आणि त्यांनी काही लपवलेही नव्हते. चार महिने आधी, कारणासह सांगून त्या गेल्या. नंतर लंडनमध्ये राहिल्या, दुसरे लग्न केले, २०१५ मध्ये मुलगा झाल्याचे स्वतःच कळवले. (एक खुलासा येथेच करते. उतादा यांनी २०२१ मध्ये आपण स्त्री वा पुरुष या चौकटीत बसत नसल्याचे सांगितले आहे. इंग्रजीत त्यांना स्त्रीलिंगी आणि अनेकवचनी अशी दोन्ही सर्वनामे चालतात. मराठीतील आदरार्थी ‘त्या’मध्ये या दोन्हींची सोय होते, असे समजून मी तो वापरते आहे.)

या सगळ्यासाठी मराठीत अगदी साधा, कचेरीत रोज वापरला जाणारा शब्द आहे, तो म्हणजे रजा. अरबी-फारसीतून आपल्या दफ्तरात आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ संमती असा आहे. त्याला जोडूनच दुसरा शब्द येतो, रुजू होणे, आणि त्याच्या मुळाशी परत येणे हाच अर्थ आहे. तलाठी रजेवर जातो आणि रुजू होतो, प्राध्यापिका बाळंतपणाच्या रजेवर जाते आणि रुजू होते, आणि त्यांच्या जाण्यायेण्याला आपण अज्ञातवास आणि पुनरागमन म्हणत नाही. जपानी भाषेतही असेच आहे. उतादा यांच्या परत येण्याला तिकडे ‘फुक्की’ म्हटले गेले आणि प्रसूतिरजा संपवून कचेरीत येणाऱ्या कारकून बाईसाठीही हाच शब्द वापरतात. जपानी मजकुरात इतका साधा असलेला शब्द मराठीत येताना नाट्यमय का व्हावा, हे मला कळलेले नाही.

शब्दाचा एवढा आग्रह मी का धरते आहे, हे फुजी केइको यांच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे स्पष्ट होईल. आपल्या लेखात त्यांना केवळ ‘दुर्दैवी आई’ म्हणून दोन वाक्ये मिळाली आहेत. १९५१ साली इवाते प्रांतात जन्मलेली आणि होक्काइदोतील असाहिकावा येथे वाढलेली ही मुलगी. आईवडील ‘रोक्योकु’ गाणारे, म्हणजे शामिसेन या तंतुवाद्याच्या साथीवर कथा गाऊन सांगत गावोगाव फिरणारे कलावंत होते आणि आई अंध होती. लहान वयातच मुलगी त्यांच्याबरोबर गाऊ लागली. १९६९ मध्ये तिचे पहिले गाणे आले आणि १९७० मध्ये तिचे दोन अल्बम एकापाठोपाठ एक असे सलग ३७ आठवडे ओरिकॉन या जपानी संगीताच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर राहिले. खर्जातला, खरखरीत, विलक्षण थकलेला असा तो आवाज एकोणीस वर्षांच्या मुलीचा आहे यावर विश्वास बसत नाही. १९७४ मध्ये घशाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर आपला आवाज आपला राहिला नाही असे त्यांना वाटू लागले. १९७९ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी निवृत्ती जाहीर केली आणि त्या अमेरिकेला गेल्या.

येथे ‘निवृत्ती’ या शब्दापाशी थांबावे लागते. जपानीत तो ‘इंताइ’. त्या काळात थकलेल्या किंवा दुसरे काही करू इच्छिणाऱ्या गायिकेसमोर जवळपास हा एकच शब्द होता. फुजी यांच्या पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, यामागुची मोमोए या तरुण गायिकेने एकविसाव्या वर्षी लग्नासाठी निवृत्ती घेतली आणि ती कायम पाळली, म्हणून जपानी लोक आजही तिचे कौतुक करतात. फुजी यांना ते जमले नाही. त्या १९८१ मध्ये परत आल्या, तेव्हा नावाची चित्रलिपी बदलून आल्या. उच्चार तोच, लिखाण मात्र वेगळे. निवृत्त झालेली व्यक्ती परत येणार तर ती निराळी व्यक्ती म्हणून, असा त्याचा अर्थ मी लावते. लेखकाने अज्ञातवास हा शब्द आईसाठी वापरला असता तर मी कदाचित वाद घातला नसता, कारण बदललेल्या नावाने वावरणे त्यात खरोखरच होते. मुलीने मात्र आईजवळ नसलेला तिसरा शब्द तयार केला. मी निवृत्त होत नाही, मी कोसळलेही नाही, मी दुसरे एक काम करायला जाते आहे, असे तिने सांगितले. लहानपणापासून आईला पाहिलेल्या मुलीला या शब्दाची गरज का भासली असेल, याचा विचार आपल्या लेखात हवा होता.

आता त्या चौकटीबद्दल. फुजी केइको यांनी स्वतःचे आयुष्य संपवले, हे वास्तव आहे आणि ते लपवावे असे माझे म्हणणे नाही. पण कोणत्या ठिकाणी, कशा रीतीने, याचा तपशील ठळक अक्षरांत देण्याने वाचकाला काय मिळाले? भारतीय प्रेस परिषदेने २०१९ मध्ये आत्महत्येच्या वार्तांकनाविषयीच्या मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या आहेत आणि पद्धत व ठिकाण यांचे वर्णन टाळावे, मथळे सनसनाटी करू नयेत, असे त्यांत स्पष्ट आहे. परदेशातील, दहा वर्षांहून जुन्या घटनेला त्या लागू नाहीत असे मानण्याचे कारण नाही, कारण वाचणारे डोळे येथले आणि आजचे असतात. त्या चौकटीच्या जागी उतादा यांनी आईच्या मृत्यूनंतर चार दिवसांनी प्रसिद्ध केलेले निवेदन छापता आले असते. मी जपानीत वाचलेल्या सर्वांत प्रामाणिक मजकुरांपैकी ते एक आहे. आई फार दीर्घकाळ मानसिक आजाराने पीडित होती, उपचार घेणे तिला स्वतःला अवघड होते, घरच्यांनी काय करावे हे कळत नव्हते, लहानपणापासून तो आजार वाढताना पाहिला आणि आपण काहीच करू शकलो नाही, असे त्यात सरळ लिहिले आहे. आणि शेवटी आई भित्री होती पण मानी होती, हसायला तिला फार आवडायचे, दुःखाच्या आठवणी पुष्कळ असूनही तिची आठवण येते तेव्हा हसणारीच आई दिसते, तिचे मूल असल्याचा अभिमान वाटतो, असा उतादा यांचा निरोप आहे. घरात असा आजार असलेल्या कितीतरी मराठी माणसांना हे वाचून कोणीतरी आपल्याच घरातले बोलते आहे असे वाटले असते.

जपानमध्ये माणूस गेल्यावर एकोणपन्नास दिवस ‘किच्यू’ पाळतात आणि वर्षभर ‘मोच्यू’. त्या वर्षी नववर्षाची शुभेच्छापत्रे पाठवत नाहीत, आणि आमच्याकडे मोच्यू आहे असे आधीच कळवतात. आपल्याकडेही सुतक फिटते दहा-तेरा दिवसांनी, पण वर्षभर घरात सण होत नाही, तोरण लागत नाही, आणि शेजारणी न सांगता फराळाचे ताट पोचते करतात. शोकाला वेळ लागतो, हे दोन्ही समाजांच्या रीतीभातींना ठाऊक आहे. कामाच्या जगाला मात्र ते ठाऊक नाही. उतादा यांना हा वेळ मिळाला तो केवळ त्या आधीच रजेवर होत्या म्हणून. हा योगायोग होता, पण त्याने पुढच्या गाण्यांचे स्वरूप ठरवले असे मला वाटते.

त्या रुजू झाल्या ४ एप्रिल २०१६ रोजी. एनएचके वाहिनीवर रोज सकाळी आठ वाजता पंधरा मिनिटांची एक मालिका लागते, ती देशभर न्याहारीच्या वेळी पाहिली जाते. त्या दिवशी सुरू झालेल्या नव्या मालिकेचे शीर्षकगीत उतादा यांचे होते. कोणाला तरी फुले द्यायची आहेत, असे ते हळुवार गाणे. मी ते वर्गात श्रवणाच्या सरावासाठी लावले. एरवी चेहऱ्याला काही न लावणारी व्यक्ती एके सकाळी हलकासा साज करते, अशी त्याची सुरुवात आहे. बहुतेक मुलांना ते लग्नाचे गाणे वाटले. पाठवणीचे गाणे आहे मॅडम, असे एकजण म्हणाली. मागच्या बाकावर बसलेल्या, मला वाटते चाळिशीच्या, एका विद्यार्थिनीने मान हलवली. गेल्या वर्षी आईला शेवटची हिरवी साडी नेसवून आम्ही मळवट भरला होता, हे तसे आहे, असे ती म्हणाली आणि वर्ग शांत झाला. तिचे ऐकणे बरोबर होते. हे गाणे गेलेल्या आईला उद्देशून आहे, असे उतादा यांनी नंतर सांगितले. पण लाखो लोक ते सहा महिने रोज सकाळी चहा पिताना, डबे भरताना ऐकत होते, आणि ज्याला त्याला ते आपापल्या प्रसंगाचे वाटत होते. परत येण्याची याहून सभ्य रीत मी पाहिलेली नाही. रडून दाखवणे नाही, मुलाखतींचा सपाटा नाही. काम हातात घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या.

त्याच वर्षी २८ सप्टेंबरला आलेला अल्बम आईच्या स्मृतीचा आहे. इंग्रजी आणि जपानी सहज मिसळणाऱ्या या कलावंताने त्यात जाणूनबुजून जपानी शब्दांवर भर दिला. भाषाशिक्षिका म्हणून मला ते विशेष भावले, कारण आईशी ज्या भाषेत बोललो त्याच भाषेत तिच्यासाठी रडावे लागते. तो अल्बमही पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातले एक गाणे मी माझ्या प्रत्येक नव्या वर्गाला ऐकवते. १९९८ मध्येच, त्याच कंपनीतून पदार्पण केलेल्या शीना रिंगो या गायिकेबरोबर ते गायलेले आहे. तोवर दोघीही लेकुरवाळ्या झाल्या होत्या, आणि गाण्याचा विषय आहे दोन तासांची सुट्टी. फक्त दोन तास. सहा वर्षांच्या रजेनंतर दोन तासांच्या सुट्टीवर गाणे लिहिणारी व्यक्ती प्रपंच शिकून आली आहे, याचा याहून चांगला पुरावा काय हवा? पुढे २०१८ मध्ये जपानमधला बारा वर्षांनंतरचा पहिला दौरा झाला आणि २०२४ मध्ये पदार्पणाच्या पंचविशीनिमित्त आणखी एक.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. सत्तर लाख अल्बम विकलेल्या माणसाला सहा वर्षे थांबणे परवडते, इतरांनी काय करावे? जपानी कंपन्यांत जवळचे माणूस गेल्यावर ‘किबिकी’ नावाची थोड्या दिवसांची रजा असते, पण तीसुद्धा कायद्याने बांधलेली नाही, कंपनीच्या नियमांत असली तर मिळते. आपल्याकडे प्रसूतिरजा २०१७ च्या दुरुस्तीने बारावरून सव्वीस आठवड्यांवर गेली, पण शोकासाठी किंवा मनाच्या आजारासाठी रजा मागताना माणसाचा आवाज आजही खाली जातो. माझाही गेला होता. २००६ मध्ये माझी आई गेली तेव्हा मी शहरातल्या एका संस्थेत शिकवत होते. तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी मी वर्गावर उभी राहिले. अडीच महिन्यांनी, एका साध्या धड्यातले ‘ओकासान’ म्हणजे आई हे संबोधन मला मोठ्याने वाचता येईना. मी सात महिने बिनपगारी रजा घेतली. परत गेले तेव्हा माझे वर्ग दुसऱ्यांना दिलेले होते, आणि ‘आता बऱ्या आहात ना’ हा प्रश्न मला ज्या स्वरात विचारला जाई त्या स्वरामुळे मी तिथून बाहेर पडले. मला पैशापेक्षा तो स्वर जड गेला. तो स्वर बदलायला कायदा किंवा संपत्ती लागत नाही, आणि म्हणूनच वृत्तपत्राने कोणते शब्द वापरावेत याचा मी आग्रह धरते आहे.

मराठी माणसाला हे जमत नाही असेही नाही. कुमार गंधर्वांना १९४७ च्या सुमारास क्षयाने गाठले, ते देवासला गेले आणि पाच वर्षे गाणे तर दूरच, मोठ्याने बोलण्याचीही मनाई होती. अंथरुणावर पडून त्यांनी माळव्यातली लोकगीते कान देऊन ऐकली, आणि १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले तेव्हा निराळे गाणे घेऊन बसले. त्या पाच वर्षांबद्दल आपण किती आदराने बोलतो! त्या काळाला साधना म्हणतो, मौन म्हणतो. त्या मौनात काय पिकले हे पुण्यातला कुठलाही रसिक समजावून सांगेल. फुप्फुसाच्या आजाराला आणि अभिजात गायकाला दिलेला हा मान मनाच्या थकव्याला आणि पॉप गाणाऱ्या मुलीला द्यायला आपण कचरतो, एवढाच फरक मला दिसतो. तो फरक योग्य आहे असे मला वाटत नाही.

म्हणून माझी विनंती आहे की, पुढील रविवारी क्रमाची चूक दुरुस्त करणारा छोटा खुलासा आपण छापावा आणि ऑनलाइन आवृत्तीतून ती चौकट काढून टाकावी. शीर्षकही बदलता आले तर मला समाधान वाटेल. सहा वर्षांची रजा संपवून रुजू, असे ते साधेपणाने लिहिता येईल.

हा लेख मला माझ्या एका विद्यार्थिनीने पाठवला. मागच्या वर्षी ती नोकरीतून रजेवर गेली, घरी बसून, मनाचे औषधपाणी करत तिने जपानीच्या जुलै परीक्षेची तयारी केली आणि पुढच्या महिन्यात ती कामावर जाणार आहे. लेखाबरोबर तिने एकच ओळ लिहिली होती: ‘मॅडम, माझ्याबद्दलही ऑफिसात असंच म्हणत असतील का?’ तिला मी अजून उत्तर दिलेले नाही. आपला खुलासा छापून आला तर तो तिला पाठवता येईल.

कळावे,

आपली नम्र,
जपानी भाषेची एक शिक्षिका
सदाशिव पेठ, पुणे